मंगळवेढ्याचा जीआय आणि ताटातला जीआय

पत्र

ताई, नमस्कार.

माझं वय ४६, उंची पाच फूट दोन इंच, वजन आज सकाळी ७४ किलो. एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघते, म्हणजे दिवसभर खुर्ची. गेल्या सात वर्षांत तीनदा डाएट केलं. पहिल्यांदा भात-भाकरी बंद, दुसऱ्यांदा दिवसातून एकदाच जेवण, तिसऱ्यांदा डब्यातली पावडर. तिन्ही वेळा आठ-नऊ किलो उतरले आणि वर्ष-दीड वर्षात व्याजासकट परत आले. आता तपासणीत तीन महिन्यांची साखर ५.९ निघाली. डॉक्टर म्हणाले, औषध नको, वजन उतरवा. आणि या वेळी उतरवलेलं टिकवा.

मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्यानं 'लो जीआय आटा' लिहिलेली दोन पाकिटं पाठवली. किंमत वाचून सासरे म्हणाले, "आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला सरकारनंच जीआय दिलाय, पेपरात आलं होतं. मग हे कशाला?" मुलगा फोनवर म्हणतो जीआय कमी पाहिजे, सासरे म्हणतात आपल्याला मिळालाय की. मी मधल्या मधे. आमच्याकडे रोज भाकरी, शेंगाचटणी, कालवण, आठवड्यातून दोनदा भात. जीआय बघून खाल्लं तर वजन खरंच कायमचं आटोक्यात राहतं का? की हे माझं चौथं डाएट ठरणार?

– दोन जीआयच्या मधली, सोलापूर

उत्तर

ताई, पत्र वाचून आधी पोटभर हसले, आणि मग लक्षात आलं की तुमच्या सासऱ्यांचं काही चुकलेलं नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय मिळाला हे खरंच आहे. फक्त तो जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पिकलेल्या ज्वारीचं नाव दुसऱ्या कुणी आपल्या पोत्यावर छापू नये, म्हणून दिलेला तो हक्क. आपल्या चादरीलाही तो आहे आणि डाळिंबालाही. चादर पांघरून साखर उतरत नाही, हे सासऱ्यांनाही पटेल.

मुलगा म्हणतो तो जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. टोरोंटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही कल्पना मांडली. मोजायची पद्धत साधी आहे. उपाशीपोटी माणसाला एखादा पदार्थ इतका खायला द्यायचा, की त्यातून पचणारी ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील. मग दोन तास थोड्या थोड्या वेळानं बोटातून रक्त घेऊन साखर किती चढली ते बघायचं. तेवढंच ग्लुकोज प्यायल्यावर जी चढते ती १०० धरायची आणि तिच्याशी तुलना करायची. ५५ किंवा त्याखाली आला तर कमी, ७० किंवा वर गेला तर जास्त, मधले मध्यम. दहा-बारा जणांची सरासरी काढतात, कारण एकाच पदार्थाला दोन माणसांची साखर सारखी चढत नाही. एवढंच काय, एकाच माणसाची दोन दिवशी सारखी चढत नाही.

साखर झपकन चढली की इन्शुलिन जास्त सुटतं, मग साखर खाली येते आणि पुन्हा भूक लागते. हळू चढली तर पोट जास्त वेळ शांत राहतं. कमी जीआयच्या खाण्यानं वजन उतरेल, ही आशा या तर्कावर उभी आहे. तर्क खोटा नाही. पण त्या आशेवर पाकीट विकणाऱ्यानं तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

उरलेली अर्धी तक्त्यात आहे. जगभरात वापरल्या जाणाऱ्या जीआयच्या तक्त्यात साध्या साखरेचा आकडा ६५ आणि कलिंगडाचा ७६. उकडलेला बटाटा ७८, तळलेले वेफर्स ५६. एप्रिलच्या उन्हात ऑफिसातून घरी येऊन कलिंगडाची फोड बाजूला सारायची आणि वेफर्सची पुडी फोडायची, असा याचा अर्थ घ्यायचा का? कलिंगडाची १०० ग्रॅमची फोड म्हणजे बहुतेक पाणी, त्यात कर्बोदकं सात-आठ ग्रॅम. जीआय मोजताना ५० ग्रॅम कर्बोदकं धरलीत, ती कलिंगडातून घ्यायची तर पाऊण किलोच्या आसपास गर खावा लागेल. आणि वेफर्सचा आकडा खाली आला तो तेलामुळं. तेल पोटात गेलं की पोट हळू रिकामं होतं, साखर सावकाश चढते, पण तेलाच्या कॅलऱ्या कुठं जात नाहीत.

म्हणून पुढं दुसरा हिशेब आला, ग्लायसेमिक लोड. तुम्ही हिशेबात मुरलेल्या आहात, तुम्हाला हा लगेच जमेल. जीआयला ताटात आलेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमनी गुणायचं आणि १०० नं भागायचं. एका वाढणीला १० पर्यंत आलं तर कमी, २० किंवा वर गेलं तर जास्त. कलिंगडाच्या त्या फोडीचा लोड येतो पाच-सहा.

आता भाकरीचा हिशेब लावू. मध्यम भाकरीला साठ ग्रॅम पीठ लागतं, त्यात साधारण ४० ग्रॅम कर्बोदकं आणि २०० कॅलऱ्या. तिचा जीआय किती? इथं ज्वारीच्या सगळ्या भक्तांना थोडं थांबायला लागेल. भाकरीच्या मोजण्या एकसारख्या आलेल्या नाहीत. भरड पिठाच्या काही मोजण्या ५५ च्या आसपास येतात, तर आंतरराष्ट्रीय तक्त्यात ज्वारीच्या भाकरीसमोर ७७ छापलेलं आहे. त्याच तक्त्यांत गव्हाची चपाती ५२ आणि पांढरा भात ७३. पीठ किती बारीक दळलं, ज्वारी कुठल्या जातीची, सोबत काय खाल्लं, सगळ्याचा फरक पडतो. मधला ६० धरला तरी एका भाकरीचा लोड २४. तीन भाकऱ्यांचा ७२. ज्वारीत चोथा भरपूर आहे, ती आपल्या मातीतली आहे, मलाही गव्हापेक्षा तीच आवडते. पण "ज्वारी आहे, चालतंय" म्हणत चौथी भाकरी मोडणाऱ्या माणसाला कुठलाच जीआय वाचवत नाही. मंगळवेढ्याचासुद्धा नाही.

आणि कडक भाकरीबद्दल तर मला बोलायलाच हवं, कारण माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायका अभिमानानं सांगतात, "ताई, मी हल्ली कडकच खाते." कडक भाकरीतून जातं ते फक्त पाणी. पीठ तेवढंच राहतं. हाताला हलकी लागते म्हणून कालवणात चार कधी चुरल्या कळत नाही. मीही टीव्हीसमोर बसून नुसत्या चटणीबरोबर तीन संपवलेल्या आहेत, तेव्हा उपदेश करायच्या जागेवर मी नाही.

चटणीचंही तेच. शेंगदाण्याचा जीआय १४ च्या आसपास, म्हणजे तक्त्यात अगदी तळाला. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलऱ्या, म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या दीडपटीहून जास्त. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली चटणी मोठा चमचाभर घेतली की ऐंशी-पंच्याऐंशी कॅलऱ्या. तीन चमचे आणि वर तेलाची धार म्हणजे दीड भाकरी. ती खाऊ नका असं मी म्हणणार नाही; सोलापुरात राहून असं म्हणणारीवर कोण विश्वास ठेवेल? ताटात एकदा एक चमचा वाढून घ्या आणि बरणी कपाटात ठेवून मग जेवायला बसा. तेलाऐवजी दही घाला. बरणी ताटाशेजारी असली की चमचे मोजले जात नाहीत, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, कायमचं आटोक्यात राहतं का? संशोधकांनी हे बरंच तपासलंय. जगभरातले वैद्यकीय अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढणाऱ्या कोक्रेन संस्थेनं २००७ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा कमी जीआयवाल्यांचं वजन इतरांपेक्षा साधारण एक किलो जास्त उतरलं होतं. २०२३ मध्ये त्याच संस्थेनं नवा आढावा घेतला, त्यात वजनात फरक जवळपास नाहीच असं निघालं. म्हणजे वजन उतरवण्याचं हत्यार म्हणून जीआय बोथट आहे. एवढ्यावर मी तुम्हाला पाकिटं परत करा असं सांगून पत्र संपवलं असतं.

पण तुमची अडचण उतरवण्याची नाहीच. तुम्ही तीनदा उतरवलंय, त्यात तुम्ही माहीर आहात. अडचण टिकवण्याची आहे, आणि तिथं एक अभ्यास तुमच्या कामाचा आहे. २०१० साली युरोपातल्या आठ देशांत ७७३ जणांना घेतलं, ज्यांनी आधी कडक डाएट करून निदान आठ टक्के वजन उतरवलं होतं. मग त्यांना पाच गटांत वाटून सहा महिने पोटभर खाऊ दिलं, कॅलरी मोजायच्या नाहीत. फक्त कुणाच्या ताटात प्रथिनं जास्त, कुणाच्या कमी; कुणाचा जीआय कमी, कुणाचा जास्त. प्रथिनं जास्त असलेल्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे एक किलो कमी परतलं, कमी जीआयवाल्यांचंही तेवढंच. प्रथिनं कमी आणि जीआय जास्त असलेल्या गटाचं वजन ठळकपणे वाढलं, आणि मधेच सोडून जाणारेही कमी प्रथिनं आणि जास्त जीआयवाल्यांतच जास्त निघाले.

एक किलो काही फार नाही, हे कबूल. त्यांचं ताट युरोपचं होतं आणि काळ सहाच महिने. तरी मला त्यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते: जीआय एकटा चालत नाही, प्रथिनांच्या जोडीनं चालतो. आणि ही जोडी कुठल्या पाकिटात सापडते, तर मटकी, हुलगा, हरभरा, मसूर, मूग. हरभरा २८, मसूर ३२, आणि प्रथिनं भाकरीपेक्षा कितीतरी जास्त. तुमच्या पत्रात भाकरी आहे, चटणी आहे, कालवण आहे, भात आहे. उसळीचं नाव नाही. लिहायचं राहिलं असेल तर माफ करा, पण बहुधा ती होतच नसावी.

तुमचं वजन दरवेळी परत का आलं, यात तुमच्या मनाच्या दुबळेपणाचा भाग तुम्ही समजता त्याहून कमी आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवलं आणि रक्तातली भुकेची संप्रेरकं मोजली. वर्षानंतरही ती मूळ जागेवर आलेली नव्हती. शरीर अजून "खा, खा" म्हणतच होतं. त्यात उतरलेल्या शरीराला आधीपेक्षा कमी अन्न पुरतं. वाढलेली भूक आणि घटलेली गरज, या दोघींच्या कात्रीत तुम्ही डाएट संपलं म्हणून जुन्या ताटावर परत गेलात. तिन्ही डाएटमध्ये एक गोष्ट सारखी होती, तिन्ही संपणार होती. भाकरी बंद करून सोलापूरकरीण किती दिवस राहणार?

तेव्हा पाकीट नको, ताट बदलू. दुपारच्या डब्यात तीन भाकऱ्या असतील तर दोन करा, आणि उरलेल्या जागेत मोड आलेल्या मटकीची नाहीतर हुलग्याची घट्ट उसळ मोठी वाटीभर. जेवायला बसल्यावर आधी काकडी-कांदा आणि उसळ, मग भाकरी. ऐकायला खुळ्यासारखं वाटतं, पण तेच पदार्थ या क्रमानं खाल्ले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे मोजून पाहिलेलं आहे. भात दोनदा होतो तो होऊ द्या, फक्त त्या दिवशी भाकरी आणि भात दोन्ही नकोत, आणि वरण असं घट्ट करा की चमचा उभा राहील.

ज्वारी भरड दळून आणा, असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. पीठ भरड असलं तर साखर हळू चढते हे बरोबर. पण भरड पिठाची भाकरी थापताना कडेनं चिरते आणि जुनं झालं की पिठाची विरीच जाते, हे सल्ला देणाऱ्यानं कधी थापून पाहिलेलं नसतं. त्यापेक्षा भाकरीचं पीठ जसं आणता तसं आणा, आणि आठवड्यातून दोन रात्री ज्वारीच्या कण्या शिजवून ताकाबरोबर खा. दाणा फोडलेला असतो, पीठ झालेलं नसतं, आंबट ताक सोबत असतं. जीआय खाली आणणाऱ्या दोन्ही गोष्टी त्यात आपोआप आल्या. सासऱ्यांच्या लहानपणीचं जेवण आहे ते, त्यांची तक्रार येणार नाही. रात्रीची शिळी भाकरी सकाळी दह्याबरोबर खाणंही चांगलंच. गार झालेल्या पिठाचा थोडा भाग चोथ्यासारखा वागतो. थोडाच हं, त्यावर पेपरात लेख येतात तेवढा नाही.

ऑफिसातला चार वाजताचा चहा आणि त्यासोबतची खारी, याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. लिहिलं नाही म्हणूनच विचारते. तिथं मूठभर फुटाणे ठेवा. चुरमुरे नकोत, ते हलके दिसतात पण साखर भराभर चढवतात.

वजन दर सोमवारी सकाळी, एकदाच. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली आहे ज्यांनी साडेतेरा किलोच्या वर वजन उतरवून वर्षाच्या वर टिकवलं. त्यातले चारांतले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन बघतात आणि बहुतेकजण रोज तासाभराच्या आसपास हालचाल करतात, मुख्यतः चालतात. कुठल्या एका डाएटवर त्यांचं एकमत नाही. तुम्हाला सुरुवातीला तास नको. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा गल्लीत, आणि सकाळी ऊन तापायच्या आत वीस मिनिटं. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर बाहेर पडायचं नाव काढू नका, आपलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. सोमवारचा आकडा ठरवलेल्या वजनाच्या दोन किलो वर गेला, तर त्या आठवड्यात तिसरी भाकरी कुठून आली ते शोधायचं. नवं डाएट नाही शोधायचं.

आकडा किती ठरवायचा? सात टक्के. ७४ चे साधारण ५ किलो, म्हणजे ६९. तुम्हाला कमी वाटेल, कारण तुम्ही ६५ पाहिलेलं आहे. पण २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हेच लक्ष्य होतं, सात टक्के वजन आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं. तुमच्यासारख्या सीमारेषेवरच्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण त्यानं ५८ टक्क्यांनी घटलं. आणि चेन्नईच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मला त्याहून जास्त आवडतो, कारण त्यातली ५३१ माणसं आपली आहेत. खाणं सुधारून आणि चालून धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यांचं वजन जवळपास हललंच नव्हतं! काटा रुसला म्हणून चालणं बंद करणाऱ्या प्रत्येकीला मी हा अभ्यास सांगते. काट्याबरोबर कंबरेचा टेपही ठेवा. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर म्हणजे जास्त. तीन महिन्यांची साखर सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, आणि थायरॉइड तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारून त्याच वेळी उरकून घ्या.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आहे, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी आहे, शेंगापोळी आहे, कुणाच्या तरी रानात हुरडा आहे. जा. शेंगापोळी एक खा, तुपासकट खा. हुरड्याला बसलात तर हुरडाच खा. तिथं पोट भरतं ते शेव, गूळ आणि रेवड्यांनी, हुरडा बिचारा नाव घालवून बसतो. दुसऱ्या दिवशी उपास करू नका. सोमवारी काटा बघा आणि नेहमीच्या ताटावर या.

राहिली पाकिटं. मागची बाजू वाचा. गव्हात हरभरा, सोयाबीन, मेथी, इसबगोल असलं काही मिसळलेलं असेल, तर चार किलो गव्हाला एक किलो हरभरा घालून गिरणीतून दळून आणलं की जवळपास तेच होतं. मुलाला फोन करून सांगा की त्याचा जीआय खरा आहे, फक्त पाकिटात नाही. सासऱ्यांना सांगा, त्यांचाही खरा आहे. न फोडलेलं पाकीट दुकानदार घेत असेल तर परत करा. फोडलेल्याचे धपाटे करा, मेथी आणि लसूण भरपूर घालून, दह्याबरोबर. दोनच.